पीसीआयई कार्डाचा ड्रायव्हर: कोड काढून देणारं टूल घ्यावं की हातानेच लिहावा?

बेअरमेटल_बंड्या

नमस्कार मंडळी. आजवर सगळं काम मायक्रोकंट्रोलरवर केलंय, म्हणजे रजिस्टरचा पत्ता माहीत, पॉइंटर टाकला, लिहिलं, झालं, मधे कोणी विचारणारं नाही. आता एफपीजीएवालं (आतलं सर्किट फाइल भरून हवं तसं घडवता येतं अशी चिप) डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड गळ्यात पडलंय. पीसीआयई, दोन बार (कार्डाची मेमरी दिसते त्या पत्त्यांच्या खिडक्या) आहेत, एकात रजिस्टरं आणि दुसऱ्यात छोटा बफर, इंटरप्ट आहे आणि डीएमए इंजिन (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत डेटा टाकणारा भाग) एफपीजीएवाल्या पोरांनी स्वतः लिहिलंय. लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालायला पाहिजे.

वरून हुकूम असा की "ड्रायव्हर लिहून देणारी टूल्स मिळतात, एखादं घे आणि मोकळा हो". मी थोडं शोधलं तर विझार्डवाली टूल्स दिसली, कार्ड लावा, क्लिक करा, कोड तयार. हे खरंच एवढं सोपं असतं का? का नंतर सगळं उपटून परत लिहावं लागतं? ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, जाहिरात मी वाचलीये.

रिंगझिरो

सोपं असतं, पण जेवढं सोपं असतं तेवढंच. विस्कटून सांगतो.

ही विझार्डवाली टूल्स, उदाहरणार्थ जंगोचं विनड्रायव्हर, तुझा ड्रायव्हर लिहून देत नाहीत. त्यांचा स्वतःचा एक सर्वसाधारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ड्रायव्हर असतो, तो तुझ्या कार्डाला चिकटतो, आणि तुझं सगळं लॉजिक साध्या यूझर मोड प्रोग्राममध्ये राहतं, तो प्रोग्राम त्यांच्या लायब्ररीतून कर्नलला सांगतो की हा बार मॅप कर, हे रजिस्टर वाच, इंटरप्ट आला की मला उठव. त्यामुळे तोच सोर्स विंडोजवर आणि लिनक्सवर कंपाइल होतो, आणि हा फायदा खरा आहे, याला नावं ठेवणारे बहुतेक एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करणारे असतात. फारच वेग लागला तर कोडचा नेमका तुकडा कर्नलमध्ये ढकलायची सोयही त्यांनी ठेवलीये.

विझार्डचा सगळ्यात मोठा उपयोग मला कोड काढण्यात वाटत नाही, बोर्ड पहिल्यांदा जिवंत करताना वाटतो. एक ओळ न लिहिता खिडकीतून रजिस्टर वाचता येतं, लिहिता येतं. एफपीजीएवाला शेजारी बसलाय, तो बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायची फाइल) बदलतोय आणि तू लगेच बघतोयस, तिथे हे सोनं आहे.

आता निघालेला कोड. त्यात डिव्हाइस उघडणं, बंद करणं, तू नावं दिलेल्या प्रत्येक रजिस्टरला वाचा-लिहा फंक्शन आणि इंटरप्टचा सांगाडा मिळतो. पण रजिस्टर वागतं कसं हे त्याला कोण सांगणार? समज तुझं इंटरप्ट स्टेटस रजिस्टर "१ लिहिला की तो बिट पुसला जातो" अशा जातीचं आहे, बहुतेक हार्डवेअरमध्ये असंच असतं. बिट ० म्हणजे डीएमए संपला, बिट ३ म्हणजे फिफो (रांगेतला बफर) ओसंडला. दोन्ही एकदम आले. तू फक्त बिट ० पुसायला निघालास आणि मायक्रोकंट्रोलरच्या सवयीने आधी वाचलं, बिट ० ओर केला आणि परत लिहिलं. वाचताना बिट ३ मध्ये १ होता, तो १ तसाच परत लिहिला गेला, म्हणजे तोही पुसला. ओव्हरफ्लो झालाच नाही असं तुझ्या सॉफ्टवेअरचं मत झालं, आणि मधेच सॅम्पल गायब होतात म्हणून तू एफपीजीएवाल्यांशी भांडत बसणार. "बिट सेट कर" असं मदतनीस फंक्शन काढून देणारा जनरेटर हेच करतो, कारण त्याच्या लेखी सगळी रजिस्टरं सारखी.

याचाच भाऊ म्हणजे "वाचलं की पुसलं जातं" असं रजिस्टर. तुझा ड्रायव्हर चालू असताना कोणी बाजूला रजिस्टर डंपची खिडकी उघडून बसला की इंटरप्ट त्या खिडकीने खाल्ला. लिनक्समध्ये रजिस्टरं हाताळायची रेगमॅप नावाची सोय आहे (३.१ कर्नलपासून, २०११), तिच्यात असल्या रजिस्टरला "प्रेशियस" म्हणून मार्क करता येतं, मग डीबगएफएसमधून (कर्नलच्या डीबगसाठीच्या खास फाइली) डंप काढला तरी त्याला कोणी हात लावत नाही. ती मुख्यतः आयस्क्वेअरसी, एसपीआयवाल्या चिपसाठी जास्त वापरतात पण मेमरी मॅप्ड रजिस्टरलाही चालते.

तर माझं मत: टूल घ्यायचं तर दोन सिस्टीमवर एकच कोड हवा म्हणून घे. ड्रायव्हर आपोआप लिहून मिळेल म्हणून घेऊ नको. वेळ सांगाड्यात जात नाही, कार्डाच्या वागण्यात जातो, आणि ते वागणं कुठल्याच विझार्डला डेटाशीट वाचून कळत नाही.

ब्लूस्क्रीन_बापू

वरच्या मताशी सहमत, विंडोजच्या बाजूने थोडी भर घालतो कारण लिनक्सवाले इथे नेहमी हात झटकतात.

विझार्ड टूल्सची जी कीर्ती आहे ती जुन्या काळातली आहे. डब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे विंडोजच्या जुन्या ड्रायव्हर पद्धतीत, नुसतं प्लग अँड प्ले आणि पॉवर मॅनेजमेंट नीट सांभाळायचं तर एवढा किचकट कोड लागायचा की कार्डाचा विषय निघायच्या आधीच माणूस थकायचा, नमनालाच घडाभर तेल. म्हणून तेव्हा न्यूमेगाचं ड्रायव्हरस्टुडिओ लोकप्रिय होतं, सी प्लस प्लस क्लासेस, विझार्ड आणि सोबत सॉफ्टआइस डीबगर. मग २००५ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने केएमडीएफ (कर्नल ड्रायव्हरची तयार चौकट) आणलं, त्याने तो सगळा प्लग अँड प्लेचा पसारा स्वतःकडे घेतला, आणि २००६ मध्ये ड्रायव्हरस्टुडिओ बंद पडलं. आज व्हिज्युअल स्टुडिओत डब्ल्यूडीके (ड्रायव्हर लिहायचं किट) टाकलं की केएमडीएफचा सांगाडा टेम्प्लेटमधून फुकट मिळतो. एवढंच नाही, डब्ल्यूडीएफचा, म्हणजे केएमडीएफ ज्यात येतं त्या चौकटीचा, सोर्स २०१५ पासून गिटहबवर उघडा आहे, अडलं तर आत शिरून बघता येतं की तुझा कॉलबॅक कोण कधी बोलावतंय. माझ्या मते कुठल्याही विझार्डपेक्षा याचा उपयोग जास्त.

तुझ्या कार्डाला डीएमए आहे म्हणजे केएमडीएफच, यूएमडीएफ २ (त्याचा यूझर मोडमधला भाऊ) मध्ये रजिस्टरं हाताळता येतात पण डीएमए नाही. मायक्रोसॉफ्टच्या सँपलमध्ये पीएलएक्स ९एक्स५एक्स नावाचं एक आहे, पीसीआय कार्ड, डीएमए, इंटरप्ट सगळं आहे त्यात, तिथून सुरुवात कर.

आणि साइनिंग (ड्रायव्हरवरची डिजिटल सही) विसरू नको, सगळे विसरतात आणि शेवटच्या आठवड्यात बोंब मारतात. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नवा कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून साइन होऊनच यावा लागतो, त्या खात्यासाठी ईव्ही सर्टिफिकेट (कसून ओळख पटवून मिळणारं) लागतं, आणि ते तुझ्या नावावर नाही, कंपनीच्या नावावर, म्हणजे कागदपत्रं, फोन, पडताळणी. हे आजच सुरू कर. तोवर टेस्ट मशीनवर बीसीडीएडिटने टेस्टसाइनिंग चालू कर, सिक्युअर बूट बंद ठेवावं लागेल. तयार टूल घेतलंस तर त्यांचा कर्नल भाग साइन केलेला येतो ही मोठी सुटका, पण तुझ्या कार्डाची आयएनएफ (ड्रायव्हर बसवायची माहिती असलेली फाइल) आणि तिचा कॅटलॉग (सही असते ती फाइल) असतोच, तो कोण साइन करणार हे विकणाऱ्याला आधी विचार.

बेअरमेटल_बंड्या

धन्यवाद दोघांना. तो १ लिहून पुसायचा प्रकार आमच्या कार्डात आहे, आत्ताच रजिस्टर मॅप काढून बघितला 😅

एक शंका. लिनक्सवर मग टूलच कशाला, सरळ यूझर मोडमधूनच बार मॅप करून कार्ड चालवता येतं ना? यूआयओ का काहीतरी वाचलं. विकत घ्यायचं टूल तरी आतून हेच करतंय ना?

डीएमए_दादा

येतं. पण यूआयओ नको, व्हीएफआयओ बघ.

यूआयओ २.६.२३ कर्नलपासून आहे, साधं आहे, डिव्हाइस फाइल एममॅप केली की रजिस्टरं हातात, आणि त्याच फाइलवर रीड केलं की इंटरप्ट येईपर्यंत थांबतं, परत येतं ते आतापर्यंत किती इंटरप्ट झाले तो आकडा घेऊन. मजा इथेच संपते. पीसीआयचा जो सर्वसाधारण यूआयओ ड्रायव्हर आहे त्यात एमएसआय (वेगळ्या तारेऐवजी मेसेजने येणारे इंटरप्ट) नाही आणि डीएमएसाठी काहीच सोय नाही. मग लोक काय करतात, मेमरीचा फिजिकल पत्ता कुठून तरी हुडकून कार्डाला देतात, आणि डीएमए इंजिनमध्ये एक बिट चुकला की कार्ड बिनधास्त कर्नलच्या मेमरीवर लिहितं. तुमचं इंजिन घरचंच आहे म्हणतोस, म्हणजे चुकणार म्हणजे चुकणारच.

व्हीएफआयओ २०१२ मध्ये आलं, ३.६ कर्नलला. यात आयओएमएमयू (कार्डाला कुठली मेमरी दिसेल ते ठरवणारं हार्डवेअर) मधे बसतो. तू सांगतोस हा माझा बफर, कार्डाला तो या पत्त्यावर दिसू दे, बस, त्याबाहेर कार्डाने हात घातला तर आयओएमएमयू फॉल्ट देतो आणि डीमेसेगमध्ये (कर्नलचा लॉग) पत्त्यासकट ओळ येते. एफपीजीएवाल्यांना ती ओळ दाखवली की वाद संपतो. इंटरप्ट इव्हेंटएफडीवर (फाइलसारखं वापरता येणारं निरोपाचं साधन) येतात, एमएसआयसकट, त्यामुळे ईपोलमध्ये (एकदम बऱ्याच फाइलींवर नजर ठेवणारी सोय) सरळ घालता येतात. अडचण एकच, अख्खा आयओएमएमयू ग्रुप व्हीएफआयओला द्यावा लागतो, कार्ड ज्या स्लॉटमध्ये आहे त्याच ग्रुपमध्ये दुसरं काही असेल तर तेही जातं. स्लॉट बदलून बघायचा.

कार्ड एकच प्रोग्राम वापरणार असेल तर यावर पूर्ण प्रॉडक्ट निघतं, डीपीडीके आणि एसपीडीकेवाले (नेटवर्क आणि स्टोरेजची यूझर मोड टूलकिट) असंच चालवतात. दोन-तीन प्रोग्रामना एकाच वेळी कार्ड हवं असेल तर मात्र कर्नल ड्रायव्हरच लिही, वाटणी करायला मधे कोणीतरी लागतं. आणि मग आयआयओ सबसिस्टीम बघ, एडीसी आणि सॅम्पलिंगसाठीच आहे ती, स्वतःचे आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायच्या खास आज्ञा) शोधून काढू नकोस.

लॉकडेप_ताई

सगळे कोड *लिहून* देणाऱ्या टूल्सबद्दलच बोलताय, कोड *तपासणारी* टूल्स कोणी काढलीच नाहीत, आणि खरा वेळ तिथे वाचतो. २००१ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या आपोआप तपासून बघितल्या होत्या, तर ड्रायव्हरमधला चुकांचा दर बाकी कर्नलच्या तीन ते सात पट निघाला. उगाच नाही निघाला. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हार्डवेअर कळतं, कर्नलचे नियम कळत नाहीत, आणि तो कोड चालवून बघायला कार्ड जगात चारच लोकांकडे.

बंड्या, तू लिनक्स ड्रायव्हर लिहिणार असशील तर पहिली ओळ लिहायच्या आधी डीबग कर्नल बांध. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू, कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) चालू, अ‍ॅटॉमिक स्लीपची तपासणी चालू आणि डीएमए एपीआय डीबग चालू. मशीन रडतखडत चालेल, चालू दे.

लॉकडेपचं मला कौतुक यासाठी वाटतं (नावावरून कळलंच असेल) की त्याला डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. तुझ्या आयओसीटीएलमध्ये स्पिनलॉक (न झोपता फिरत वाट बघायचा लॉक) इंटरप्ट चालू ठेवून घेतलास आणि तोच लॉक इंटरप्ट हँडलरमध्येही घेतलास, तर ते दोन्ही रस्ते वेगवेगळ्या वेळी एकेकदा चालले तरी ते ओरडतं, "इनकन्सिस्टंट लॉक स्टेट". प्रत्यक्षात ते जुळून यायला लॉक हातात असतानाच त्याच सीपीयूवर इंटरप्ट पडावा लागतो, म्हणजे टेबलवर कधीच नाही आणि ग्राहकाकडे नक्की. मायक्रोकंट्रोलरवरून आलेल्या लोकांची ही ठरलेली जागा आहे, कारण तिकडे सगळे इंटरप्ट बंद करून काम भागतं.

डीएमए एपीआय डीबग तर तुझ्यासाठीच आहे. बफर मॅप केला आणि मॅपिंग फसलं का ते बघितलं नाहीस तर तो सरळ लिहितो की ड्रायव्हरने मॅप एरर तपासली नाही. मॅप केलेलं अनमॅप न करता ड्रायव्हर काढलास, दिशा चुकवलीस, सगळं पकडतो. x८६ वर बहुतेक वेळा कॅशे आपोआप जुळते म्हणून सिंक न करता पण सगळं छान चालतं, आणि मग कोणीतरी तेच कार्ड आर्म बोर्डाला लावतो आणि बफरमध्ये मागचाच डेटा दिसतो.

कंपाइल करतानाच स्पार्स (कर्नलचा कोड न चालवता तपासणारं टूल) चालव, मेकला सी=१ दिलं की झालं. रजिस्टरचा पॉइंटर साध्या पॉइंटरसारखा वापरलास, लिटल एंडियन आकडा न बदलता वापरलास, की वॉर्निंग. आणि स्मॅच, असंच दुसरं टूल. दोन्ही फुकट.

कार्ड हातात नसताना सराव करायचा तर क्यूईएमयूमध्ये (खोटं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) "एज्यू" नावाचं खोटं पीसीआय कार्ड आहे, शिकण्यासाठीच बनवलेलं. एका रजिस्टरला काही लिहिलं की ते बिट उलटे करून परत देतं, म्हणजे बार नीट मॅप झालाय की नाही ते लगेच कळतं. हेक्स ८ ला आकडा लिहिला की फॅक्टोरियल काढतं, हेक्स ६० ला लिहून इंटरप्ट पाडता येतो, हेक्स ६४ ला लिहून तो मिटवायचा, आणि डीएमएही आहे. त्यात गंमत अशी की ते डीएमएला मुळात २८ बिटांचाच पत्ता घेतं, म्हणजे फक्त २५६ एमबीपर्यंत. डीएमए मास्क (कार्ड किती बिटांचा पत्ता घेतं ते कर्नलला सांगणं) सेट करायला विसरलास तर तिथेच आपटणार, आणि तिथे आपटलेलं बरं.

बापू, विंडोजचं तुम्हीच सांगा.

ब्लूस्क्रीन_बापू

ताईंनी सांगितलंय म्हणजे सांगावंच लागेल. ड्रायव्हर व्हेरिफायर, विंडोज २००० पासून सिस्टीममध्येच आहे, वेगळं काही उतरवायला नको. तुझा एकटा ड्रायव्हर निवडायचा, सगळे निवडलेस तर दुसऱ्याच्या पापाने मशीन बूट होणार नाही. स्पेशल पूल (बफरबाहेर लिहिलं की पकडणारा) चालू ठेव, आणि लो रिसोर्सेस सिम्युलेशन जे आहे ते मुद्दाम अधूनमधून मेमरी द्यायला नकार देतं, त्यात तुझे एररवाले रस्ते उघडे पडतात जे एरवी कोणी चालवतच नाही. सी४ नंबरचा ब्लूस्क्रीन आला की तो व्हेरिफायरने पकडलेला, विनडीबीजीत (विंडोजचा डीबगर) अ‍ॅनलाइझ मारला की कुठला नियम मोडला ते कळतं.

न चालवता तपासणारं स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायरही होतं, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या स्लॅम प्रोजेक्टमधून आलेलं, लॉक घेतला तो सोडला का असले नियम तो सगळ्या रस्त्यांवर तपासायचा. आता रोख कोडक्यूएलकडे आहे.

सेगफॉल्ट_सख्या

एवढं महाभारत कशाला, एआयला डेटाशीटची पीडीएफ द्या आणि म्हणा ड्रायव्हर लिही. मी साध्या सेन्सरचा लिहून घेतला, चालतोय की.

लॉकडेप_ताई

@सेगफॉल्ट_सख्या चालतोय म्हणजे काढून परत घातलास का? शंभर वेळा लूपमध्ये मॉड्यूल घाल आणि काढ, केमेमलीक (न सोडलेली मेमरी शोधणारं) चालू ठेवून, मग बोलू.

लिहून घ्यायला माझा विरोध नाही, सांगाडा कुठून का येईना. पण इंटरनेटवर लिनक्स ड्रायव्हरची जी उदाहरणं आहेत त्यातली ढीगभर २.६ च्या जमान्यातली, आणि कर्नलच्या आतला एपीआय कोणी स्थिर ठेवत नाही, ते मुद्दाम तसंच आहे. क्लास क्रिएटला आधी दोन आर्ग्युमेंट लागायचे, ६.४ पासून एक. पीसीआय सेट डीएमए मास्क हे फंक्शन काढून टाकलंय, तरी प्रत्येक उदाहरणात दिसतं. हे निदान कंपाइलच होत नाही म्हणून कळतं. एरर आली तर आधी घेतलेलं उलट्या क्रमाने सोडायचं असतं, तिथे मात्र कंपाइलर गप्प बसतो, आणि असला कोड वाचायला इतका नीटनेटका दिसतो की रिव्ह्यू करणाराही डुलक्या घेत पास करतो. त्यापेक्षा डेव्हएम वाली फंक्शनं वापरा, ड्रायव्हर सुटला की ती स्वतःच सोडतात. आणि जुन्या कोडवर कॉक्सिनेल चालवा, मेक कॉक्सिचेक, असले नेहमीचे घोळ तो पॅटर्नवरून शोधून काढतो.

बेअरमेटल_बंड्या

ताई, एज्यूवर बार मॅप झाला, बिट उलटे येताहेत 🙏 डीबग कर्नल बांधायला लावलाय.

वरिष्ठांना सांगितलंय की व्हीएफआयओने सुरुवात करतो, विंडोजला केएमडीएफ, आणि ईव्हीचा अर्ज आजच टाकतो. विकतच्या टूलचं ट्रायल फक्त ब्रिंगअपला (बोर्ड पहिल्यांदा जिवंत करायला) वापरतो. शेवटचा प्रश्न, रजिस्टर मॅप एफपीजीएवाल्यांच्या एक्सेलमध्ये आहे आणि ते दर दोन दिवसांनी बदलतात, न सांगता. माझी हेडर फाइल कायम मागे. याला काही आहे का?

रिंगझिरो

हे तू पहिल्या पोस्टमध्ये सांगितलं असतंस तर मी इथूनच सुरुवात केली असती. कोड जनरेट करायची खरी जागा हीच आहे.

एक्सेल फेकून द्या आणि सिस्टमआरडीएलमध्ये मॅप लिहा. साधी टेक्स्ट फाइल, गिटमध्ये राहते, आणि त्यात नुसते पत्ते नाहीत, वागणंही लिहिता येतं, १ लिहून पुसला जाणारा बिट म्हणजे डब्ल्यूओसीएलआर, वाचून पुसला जाणारा म्हणजे आरसीएलआर. पीकआरडीएल नावाचं ओपन सोर्स टूल आहे, त्याच एका फाइलमधून तुझी सी हेडर, वाचायला एचटीएमएल, आणि एफपीजीएवाल्यांचा रजिस्टर ब्लॉकचा सिस्टमव्हेरिलॉग कोडपण काढतं. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. त्यांचा स्वतःचा कोडच त्या फाइलमधून निघायला लागला की न सांगता बदल करणं त्यांना जमतच नाही, नुसती "डॉक्युमेंट अपडेट ठेवा" अशी विनंती करून आजवर कोणी ऐकलेलं नाही. वर मी म्हणालो जनरेटरला वागणं कळत नाही, ते इथे थोडं कळतं कारण कोणीतरी लिहून ठेवलंय.

ते ऐकणार नसतील तर निदान एवढं मागून घे: ऑफसेट शून्यवर एक रीड-ओन्ली रजिस्टर, त्यात मॅपच्या फाइलचा ३२ बिटांचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा), बिल्ड होताना आपोआप भरलेला. तोच हॅश तुझ्या हेडरमध्ये. ड्रायव्हर चढताना दोन्ही जुळले नाहीत तर एरर छापून परत फिरायचं, पुढच्या एका रजिस्टरलाही हात लावायचा नाही. फक्त तुलना करायच्या आधी सगळे ३२ बिट १ आलेत का ते बघ, तसं असेल तर आवृत्तीचा घोळ नाही, कार्डच बसवर उत्तर देत नाहीये, एफपीजीए लोड झालेला नाही किंवा लिंक पडलीये. ती एरर वेगळी छाप, नाहीतर एफपीजीएवाले म्हणतील आमचा हॅश बरोबर आहे.